१९७२ च्या दुष्काळावर शोधनिबंध लिहायचाय, साधनं शोधायची कशी?

शिरूरफाटा

नमस्कार मंडळी. मी एम.ए. इतिहास, दुसरं वर्ष. गाव अहमदपूर तालुक्यात, कॉलेज लातूरला. या सेमिस्टरला रिसर्च प्रोजेक्ट आहे आणि त्यातूनच एक शोधनिबंध विभागाच्या चर्चासत्रात वाचायचाय. विषय घेतलाय '१९७२ चा दुष्काळ आणि मराठवाडा'. सरांनी हरकत घेतली नाही, फक्त म्हणाले, "आधी साधनांची यादी आण, लिहायचं नंतर बघू."

तर ती यादीच होईना. नेटवर शोधायले तर सगळीकडं तेच चार परिच्छेद फिरून येतात: खडी फोडणं, सुकडी (कामावर वाटायचे ते कोरडं खाणं), मिलो (बाहेरून आलेली लाल ज्वारी), वसंतराव नाईक, रोजगार हमी. एकानं दुसऱ्याचं उचललंय हे वाचताना कळतंय, पण पहिल्यानं कुठून घेतलं ते कुणीच लिहीत नाही. कॉलेजच्या लायब्ररीत जिल्ह्याचा इतिहास म्हणून जी पुस्तकं आहेत त्यात दुष्काळाला अर्धं पान आहे. एआयला विचारलं तर त्यानं दणक्यात यादी काढून दिली, लेखक, प्रकाशक, वर्ष, पान क्रमांकासकट. मैत्रिणी म्हणायल्यात हीच टाकून दे, कोण बघतंय. मला काही ते पटेना.

हातात दिवाळीपर्यंतचा वेळ आहे. मुंबईला जाऊन राहणं जमणार नाही, घरचे सोडणार नाहीत आणि खर्चही परवडणार नाही. सुरुवात कुठून करू?

तिरकस

'१९७२ चा दुष्काळ आणि मराठवाडा' हा विषय नाही, अख्खा विभाग आहे. तेव्हा पाच जिल्हे होते, आता आठ आहेत. दिवाळी कुठली धरलीय?

गोदाकाठ

तिरकसरावांचं बोलणं झोंबेल, पण मुद्दा बरोबर आहे. मी पंचवीसेक वर्षं इतिहास शिकवतोय म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मुली, साधनं 'विषयावर' सापडत नाहीत, ती प्रश्नावर सापडतात. 'दुष्काळ' म्हणून शोधलंस तर तुला दुष्काळावरचं लेखन मिळणार, आणि ते बहुतेक दुसऱ्याचं वाचून लिहिलेलं. त्याऐवजी स्वतःला विचार: मला नेमकं काय जाणून घ्यायचंय? आमच्या भागात काम कुठं काढायचं हे कोण ठरवत होतं? कामावर बायका किती होत्या? मजुरी वेळेवर मिळत होती का? गाव सोडून किती गेले? यातला एक प्रश्न धर.

आणि मग पुढचा प्रश्न, जो मी प्रत्येक विद्यार्थ्याला फळ्यावर लिहून देतो: ही गोष्ट त्या वेळी लिहून ठेवण्याची गरज कुणाला होती? सरकार हौसेनं कागद करत नाही. मजुराला पैसे द्यायचे तर हजेरी लागते, म्हणून मस्टर. तलावासाठी शेत घ्यायचं तर मोबदला द्यावा लागतो, म्हणून भूसंपादनाचा निवाडा. शेतसाऱ्याची वसुली थांबवायची तर पीक किती बुडालं ते दाखवावं लागतं, म्हणून आणेवारी, जिला आता पैसेवारी म्हणतात. प्रत्येक गरजेमागं एक कागद, कागदामागं एक टेबल आणि टेबलामागं एक कचेरी. तुझी यादी या क्रमानं कर. पुस्तकांची यादी वेगळी, ती समांतर चालू दे.

एक गोष्ट आत्ताच सांगतो, कारण यात बरेच जण घसरतात. बहात्तरची कामं सरसकट 'रोजगार हमीची कामं' म्हणून लिहिली जातात. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली ही योजना १९७२ मध्ये जाहीर झाली होती हे खरं, पण दुष्काळ एवढा मोठा होता की प्रत्यक्षात कामं चालली ती टंचाई निवारणाची म्हणून. रोजगार हमीचा कायदा १९७७ चा, आणि तो लागू झाला २६ जानेवारी १९७९ पासून. हा काही शब्दच्छल नाही. कचेरीत जाऊन तू 'रोहयोच्या फायली दाखवा' म्हणालीस तर ते तुला पुढच्या काळातल्या दाखवतील. तुला हवेत ते 'टंचाई' या मथळ्याखालचे कागद.

मन्याडचं_पाणी

मिलो आठवला की अजून घास अडकतो. लाल ज्वारी, अमेरिकेची. भाकरी थापायला गेलं की तुटायची. आई गरम पाण्यात पीठ उकडून घ्यायची तरी हाताला यायची नाही. आमच्या म्हशीनंही तोंड फिरवलं होतं.

धाग्याला सोडून झालं, माफ करा.

पुस्तकपेटी

सोडून नाही काका, हेच पुढं कामाला येणार आहे.

मी ग्रंथपाल आहे, तेव्हा घरबसल्या काय मिळतं ते सांगते. शिरूरफाटा, या तीन गोष्टी आधी बघ.

पहिली, शोधगंगा. देशभरातल्या विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध तिथं फुकट आहेत. प्रबंध मिळाला की प्रकरण पहिलं वाचत बसू नकोस, थेट शेवटची संदर्भसूची उघड. कुणीतरी चार-पाच वर्षं घालवून केलेली यादी तुला आयती मिळते. मात्र त्या यादीतलं साधन स्वतः उघडून बघितल्याशिवाय आपल्या यादीत घ्यायचं नाही, कारण प्रबंधातही ऐकीव संदर्भ असतात. आपल्याकडचे प्रबंध छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाचे आणि १९९४ नंतर नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाचे, दोन्हीकडं शोध.

दुसरी, कॉलेजला एन-लिस्टची (कॉलेजांसाठीची ऑनलाइन जर्नल-पुस्तकांची सेवा) वर्गणी असेल तर तुझ्या ग्रंथपालांकडून लॉगिन माग. बहुतेक कॉलेजांत ते असतं आणि बहुतेक विद्यार्थ्यांना ते ठाऊक नसतं. 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'चे जुने अंक कसे मिळतील तेही त्यांनाच विचार. त्या काळात या दुष्काळावर आणि पुढं रोजगार हमीवर तिथं भरपूर लिहून आलंय.

तिसरी, जनगणना. १९७१ ची 'डिस्ट्रिक्ट सेन्सस हँडबुक' जनगणना खात्याच्या वेबसाइटवर स्कॅन करून ठेवलीत. दुष्काळाच्या अगदी तोंडावरची गावनिहाय लोकसंख्या, शेतकरी किती, शेतमजूर किती, सगळं आहे. दुष्काळाआधी तुझं गाव कसं होतं याचा पाया इथं मिळेल.

पुस्तकांत तीन नावं नोंदवून ठेव. व्ही. सुब्रमण्यम यांचं 'पार्च्ड अर्थ', १९७५ चं, १९७० ते ७३ च्या महाराष्ट्रातल्या दुष्काळावरच आहे. सुलभा ब्रह्मे यांचा १९७२ च्या दुष्काळावरचा अभ्यास, पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटनं १९८३ मध्ये छापलेला. त्यांचा रोख सिंचनाच्या नियोजनावर आहे. आणि ज्याँ द्रेझ यांचा भारतातल्या दुष्काळ निवारणावरचा दीर्घ निबंध, १९९० चा. मे १९७३ मध्ये राज्यात दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती, हा जो आकडा सगळे लिहितात, तो तिथं संदर्भासकट मिळेल. तिन्ही इंग्रजीत आहेत. घाबरू नकोस, आधी तक्ते वाच, मग मजकूर.

एआयच्या यादीचं म्हणशील तर त्यातलं एकेक नाव घेऊन ते कुठल्यातरी ग्रंथालयाच्या कॅटलॉगमध्ये दिसतंय का बघ. नाही दिसलं तर खोड. आमच्याकडं हल्ली मुलं अशी पुस्तकं मागायला येतात जी कुणी लिहिलेलीच नाहीत. लेखक खरा असतो, प्रकाशक खरा असतो, पुस्तक तेवढं नसतं.

तिरकस

म्हणजे आमच्या गावच्या पाणीयोजनेसारखं. टाकी खरी, नळ खरा.

बस्तावाला

तहसीलमध्ये ३१ वर्षं नोकरी झाली, अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. गोदाकाठ सरांनी कागदाचं जे सांगितलं ते सोळा आणे खरं. मी त्यातली व्यवहाराची बाजू सांगतो.

बाई, मस्टरच्या मागं फार धावू नको. सरकारी दप्तराचं अ, ब, क, ड असं वर्गीकरण असतं. 'अ' कायम ठेवायचं, 'ब' तीस वर्षं, क आणि ड त्याहून कमी. मुदत संपली की यादी करून नष्ट करतात. बहात्तरचे मस्टर आता कुठं शिल्लक असतील तर ते कुणीतरी नष्ट करायला विसरलं म्हणून. त्या भरवशावर पेपर उभा राहत नाही.

राहतं काय, तर जिथं जमिनीचा संबंध आला ते. त्या वर्षी पाझर तलाव निघाले, त्यात लोकांची शेतं गेली. निवाडा झाला, सातबाऱ्याला फेरफार ओढला गेला. फेरफाराची नोंदवही कायमची. तलाठ्याकडं किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षात जुने फेरफार बघ. त्यात गट किंवा सर्व्हे नंबर, किती क्षेत्र गेलं, कुठल्या आदेशानं गेलं, तारीख, सगळं एका ओळीत असतं. त्या आदेशाचा क्रमांक हाताला लागला की पुढची फाइल मागता येते. क्रमांकाशिवाय 'बहात्तरचं काही असेल तर दाखवा' म्हणशील तर कारकून तुला चहा पाजून परत पाठवेल. मीही तेच करायचो.

आणखी एक, गावात मावेजासाठी भांडत बसलेलं कुटुंब असतंच. चार पिढ्या कोर्टात. त्यांच्या घरी पत्र्याच्या पेटीत त्या तलावाचा असा दस्त असतो जो कलेक्टर कचेरीतही मिळत नाही. त्यांना भेट. फक्त मी मोबदला मिळवून देते असं त्यांना वाटू देऊ नको, आधीच स्पष्ट सांग.

बाकी हल्ली रेकॉर्ड रूमचं एक बरं झालंय. कुणबी नोंदी शोधायच्या म्हणून २०२३ पासून सगळीकडचे बस्ते उघडले गेले, झाडले गेले. कुठल्या कपाटात काय आहे हे तिथल्या माणसाला आता निदान ठाऊक आहे.

माहिती_मागा

एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? माहितीचा अधिकार २००५ पासून आहे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, अर्ज टाका, तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक. चहा पिऊन परत यायचं दिवस गेले.

बस्तावाला

दिवस गेले, माणसं तीच आहेत साहेब. महाराष्ट्रात अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर लागतो. पोरगी 'दुष्काळाची सर्व माहिती द्यावी' लिहील आणि तिसाव्या दिवशी पत्र येईल, 'माहिती उपलब्ध नाही'. एकदा लेखी 'नाही' म्हणाले की नंतर तोच माणूस तोच बस्ता काढून देणार नाही, कारण स्वतःच्याच सहीविरुद्ध कोण जाईल? आधी कॉलेजचं पत्र घेऊन गोडीनं जा. काय आहे ते डोळ्यांनी बघ. मग देत नसतील तर नेमका फाइल क्रमांक घालून अर्ज टाक.

माहिती_मागा

हे मान्य. फक्त अर्जात प्रतींऐवजी 'अभिलेखाची पाहणी करू द्यावी' असं मागावं. बसून बघता येतं, फोटो काढू द्या म्हणता येतं आणि नको त्या दोनशे पानांचे पैसे भरावे लागत नाहीत.

तिरकस

खरं सांगू का, विषयच बदल. किल्लारीचा भूकंप घे. ३० सप्टेंबर १९९३, औसा तालुका हाकेवर, जागतिक बँकेच्या पैशानं पुनर्वसन झालं, कागदच कागद. अहवाल इंग्रजीत, मराठीत, फोटोसकट.

गोदाकाठ

सल्ला वाईट नाही, पण दरवर्षी वर्गातली निम्मी मुलं तोच विषय घेतात तेही याच कारणानं. साधनं भरपूर असली की विद्यार्थी ती नुसती ओतत जातो. तिला बहात्तर सुचलंय तर करू द्या.

शिरूरफाटा

सगळ्यांचे आभार. दोन-तीनदा वाचून काढलं. काय झालं ते सांगते.

प्रश्न ठरवला: बहात्तर-त्र्याहत्तरला आमच्या भागातल्या पाझर तलावांच्या कामावर बायका कशा आणि का गेल्या, आणि त्यांच्या घरात त्यानं काय बदललं. सरांना दाखवला. म्हणाले ठीक, पण एका परिसरापुरता ठेव. आमच्या गावाच्या आजूबाजूची चार गावं धरलीत.

पुस्तकपेटी ताई, आमच्या कॉलेजला एन-लिस्ट आहे! लायब्ररीच्या मॅडम म्हणाल्या, "या वर्षी लॉगिन मागणारी तूच पहिली."

पण एका गोष्टीत अडकले. जनगणनेच्या साइटवर १९७१ चं लातूर जिल्ह्याचं हँडबुक सापडतच नाही. बाकीचे दिसतात.

बस्तावाला

कसं सापडेल? १९७१ ला लातूर जिल्हाच नव्हता. १६ ऑगस्ट १९८२ ला झाला, उस्मानाबादमधून. तू उस्मानाबादचं उघड, त्यात अहमदपूर तालुका आहे. आणि तुझा तालुका आणखी मागं गेला तर उस्मानाबादलाही नाही. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेआधी अहमदपूर, उदगीर, निलंगा बीदर जिल्ह्यात, हैदराबाद राज्यात. म्हणजे तुझ्याच गावचा कागद सालाप्रमाणं बीदर, धाराशिव आणि लातूर अशा तीन ठिकाणी विभागलेला. तुला बहात्तरचं हवंय, तेव्हा धाराशिवच्या कलेक्टर कचेरीत विचार, तिथून लातूरला काय वर्ग झालं आणि काय तिथंच राहिलं. जिल्हा तुटताना फायली गाड्यांत भरून आल्या, सगळ्या आल्या असं कुणी सांगू शकणार नाही.

पुस्तकपेटी

यालाच जोडून सांगते. कॅटलॉगमध्ये शोधताना नावं सगळ्या रूपांनी टाक. धाराशिव टाकलंस तर अलीकडचंच येईल, जुनं सगळं उस्मानाबादखाली. तसंच औरंगाबाद. बीडचं जुनं इंग्रजी स्पेलिंग 'भीर'सारखं आहे, १९६९ चं गॅझेटियर (जिल्ह्याची सरकारी माहिती देणारा ग्रंथ) त्याच नावानं छापलंय. जालना १९८१ च्या आधी औरंगाबादेत, हिंगोली १९९९ च्या आधी परभणीत. उस्मानाबादचं गॅझेटियर १९७२ चं आहे. अगदी त्याच सालचं असल्यानं दुष्काळ त्यात मिळायचा नाही, पण पिकं, विहिरी, बाजार, रस्ते मिळतील. महाराष्ट्राच्या गॅझेटियर विभागानं ती ऑनलाइन ठेवलीत.

आणि वर्तमानपत्रं! कुणीच कसं बोललं नाही? अनंत भालेरावांचा दैनिक 'मराठवाडा' हा त्या काळातला आपल्या भागाचा पेपर. संभाजीनगरच्या जुन्या ग्रंथालयांत आणि विद्यापीठात फायली विचार. सोबत शासनाचं 'लोकराज्य' त्याच महिन्यांचं वाच, म्हणजे सरकार काय सांगत होतं आणि 'मराठवाडा' काय छापत होता ते शेजारी ठेवता येईल. फाइल वाचताना नुसत्या बातम्या बघू नकोस. वाचकांची पत्रं, जाहीर निविदा, बाजारभाव बघ. ज्वारीचा भाव आठवड्याला कसा चढत गेला हे एका ओळीच्या तक्त्यात दिसतं, कुठल्याही अग्रलेखात नाही.

आजीची_नात

शिरूरफाटा, तुझा प्रश्न वाचून राहवलं नाही. बायकांचं या कागदांत काय सापडणार? फेरफार बाप्याच्या नावावर, निवाडा बाप्याच्या नावावर, पत्रं लिहिणारे बाप्येच. माझी आजी खडी फोडायला होती, तिचं नाव कुठल्याही दप्तरात नसणार. अंगठा होता तो मस्टरवर, आणि मस्टर म्हणे नष्ट. तुला जाऊन विचारावंच लागेल. आणि लवकर जा. तेव्हा वीस वर्षांची असलेली बाई आता सत्तरी ओलांडून गेलीय.

गोदाकाठ

अगदी खरं. पण मुलाखत म्हणजे गप्पा नव्हेत, तिचीही तयारी लागते.

"दुष्काळ कसा होता?" असं विचारलंस तर ती बाई तुला तेच सांगेल जे आजवर टीव्हीवाल्यांना सांगितलं: लई वाईट दिवस होते. पन्नास वर्षांत आठवणीवर लोकांच्या बोलण्याचे, पुढाऱ्यांच्या भाषणांचे थर बसतात. वस्तूपासून सुरू कर. हातोडा कुणाचा होता, घरचा की कामावरचा? खडीचा ढीग कशानं मोजायचे? लेकरू कुठं ठेवायचा? पगार कोण घ्यायला जायचं, तुम्ही की घरधनी? पहिल्या पगारातून काय आणलं? अशा प्रश्नांना ऐकीव उत्तर देता येत नाही, तिला तिथं परत जावंच लागतं.

साल विचारू नकोस. "थोरला तेव्हा रांगत होता का?" असं विचार, साल तू काढ. बोलू द्यायची परवानगी आधी घे, रेकॉर्डिंगच्या सुरुवातीलाच तिच्या तोंडून. निबंधात नाव घालायचं की नाही तेही तिलाच विचार. आणि सून, मुलगा मध्ये बोलत असेल तर त्याला काहीतरी कामाला लाव.

मन्याडचं_पाणी

शेवटचं सगळ्यात अवघड. आमच्यात म्हाताऱ्या बाईला प्रश्न विचारला की उत्तर मुलगाच देतो.

नवखा_संशोधक

माझा एक भाबडा प्रश्न. पेपर छापायचा कुठं? मला एका जर्नलचा व्हॉट्सअ‍ॅप आला, पंधराशे रुपये भरा, आठवड्यात छापून प्रमाणपत्र. यूजीसी मान्यताप्राप्त असं लिहिलंय.

पुस्तकपेटी

भरू नका. यूजीसीनं केअर यादीच, म्हणजे मान्य जर्नलांची यादी, २०२५ च्या सुरुवातीला बंद केली, त्यामुळं आज 'यूजीसी केअर मान्यताप्राप्त' म्हणून पैसे मागणारा त्या जुन्या पाटीवर दुकान चालवतोय. आठवड्यात छापतो म्हणजे कुणी वाचत नाही, एवढं समजा. या धाग्यात एवढंच, वेगळा धागा काढा, बोलू.

शिरूरफाटा

आज एक वेगळंच हाती लागलं, म्हणून लगेच लिहायले.

चार गावांतल्या एका गावी मुलाखतीला गेले होते. आजींनी सांगितलं, त्यांच्या थोरल्या मुलीला तिसरीतून काढून घरी बसवलं, धाकट्याला सांभाळायला, कारण आई कामावर. मी विचारलं कधी, तर म्हणाल्या, "शाळेत बघ की, मास्तरनं लिहून घेतलं होतं."

मला आधी ते खरं वाटलं नाही. तिथून तशीच जिल्हा परिषदेच्या शाळेत गेले. हेडमास्तरांनी कपाटातून दाखल-खारीज रजिस्टर काढून दिलं. लांबट वही, कापडी पाठ, कडा उंदरांनी खाल्लेल्या. रकाने असे: अनुक्रमांक, नाव, जात, जन्मतारीख, शाळेत दाखल झाल्याची तारीख, इयत्ता, शाळा सोडल्याची तारीख, शाळा सोडण्याचं कारण, शेरा. बहात्तरच्या पावसाळ्यानंतरची पानं उघडली. एरवी कारणाच्या रकान्यात 'गावी गेल्याने', 'सतत गैरहजर' असंच असतं. या पानांवर मध्येमध्ये 'आई कामावर', 'आईवडील तलावाच्या कामावर', 'घरकामासाठी' असं लिहिलंय, वेगळ्या शाईत. नावं वाचत गेले तर बहुतेक मुलींची. आणि आजींच्या मुलीचं नाव आहे. तारीखही आहे, दिवाळीनंतरची.

हेडमास्तरांनी फोटो काढू दिले नाहीत, पण वहीत उतरवून घे म्हणाले. बसून उतरवून घेतलं. आता हे साधन म्हणून धरता येईल का? सरांना अजून विचारलं नाही.

आजीची_नात

अंगावर काटा आला वाचून.

गोदाकाठ

येईल का म्हणजे? मुली, हेच साधन. हजेरीपट नष्ट झाले तिथं शाळेच्या वहीत बायकांच्या मजुरीची सावली पडलीय. ही वही आजवर कुणी या प्रश्नासाठी उघडली असेल असं मला वाटत नाही.

पण आता हुरळून जाऊ नकोस. तीन कामं कर. एक, त्याच रजिस्टरमध्ये १९६८ ते ७१ आणि ७४ ते ७६ ही सालंही उतरव. मुलींची गळती एरवीही होतच होती. दुष्काळात ती वाढली की तेवढीच राहिली, फक्त मास्तरनं कारण नीट लिहिलं, हे त्याशिवाय सांगता यायचं नाही. एखादा चांगला मास्तर बदलून आला असेल आणि त्यानंच ते लिहिलं असेल. अक्षर बघ, कुठपासून कुठपर्यंत एकच आहे. दोन, उरलेल्या तीन गावांच्या शाळांत जा. तीन, उतरवलेल्या पानाला जशीच्या तशी नोंद ठेव: शाळा, रजिस्टरचा क्रमांक, पान, अनुक्रमांक, उतरवल्याची तारीख. निबंधात मुलींची नावं घालू नकोस, त्या आजही हयात आहेत. अनुक्रमांक दे.

बस्तावाला

शाळेची ती वही कायमची असते, जन्मतारखेच्या दाखल्यासाठी लागते म्हणून. हेडमास्तर फोटो काढू देत नाही तेही त्यामुळंच, जातीची नोंद असते ना. गटशिक्षणाधिकाऱ्याच्या नावे कॉलेजचं पत्र दे. त्यांनी परवानगी दिली की मग हेडमास्तरला भीती राहत नाही.

तिरकस

मी किल्लारीचा सल्ला मागं घेतो. चर्चासत्र कधी आहे ते इथं टाक, ऐकायला येईन.

माहिती_मागा

मीही.

शिरूरफाटा

दुसऱ्या गावची शाळा झाली, तिथं कारणाचा रकाना जवळपास कोराच आहे. मास्तरचं अक्षरही वेगळं. म्हणजे गोदाकाठ सरांची शंका रास्त होती. तरी मुलींच्या नावापुढं शाळा सोडल्याच्या तारखा आहेत, त्या सालाप्रमाणं मांडून बघते.

गटशिक्षणाधिकाऱ्यांना पत्र दिलंय. पुढच्या आठवड्यात धाराशिवला कलेक्टर ऑफिसला जायचं ठरवलंय, भाऊ सोबत येतोय. एका पाझर तलावाच्या फेरफारावरून आदेशाचा क्रमांक मिळाला, तो घेऊन जातेय. सोमवारी सकाळीच पोचायचा विचार आहे. बस्तावाला काका, तिथं कुणाला भेटू?

बस्तावाला

भूसंपादन शाखेत आधी विचार, मग अभिलेख कक्ष. पत्रावर कॉलेजचा जावक क्रमांक आणि शिक्का असू दे, आणि त्याची एक प्रत जास्तीची ने, तिच्यावर पोच घे. सोमवार टाळ. महिन्याचा पहिला सोमवार आहे, लोकशाही दिन असतो, लोकांच्या तक्रारी ऐकायचा, अख्खी कचेरी त्यात अडकलेली असते. मंगळवारी जा, जेवणाच्या सुट्टीच्या आधी.